घाबरण्याची रंगीत तालीम

निसर्गाकडून, सरकारकडून आणि स्वतःच्या अपत्यांकडून माणसाला उभ्या आयुष्यात जेवढे धक्के बसतात, त्या सर्वांची बेरीज केली तरी ती माझ्या साडूंनी मला एकट्याने दिलेल्या धक्क्यांच्या जवळपासही पोहोचणार नाही. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. आमच्या घरात सगळे त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या खिशात दिवसाढवळ्यासुद्धा एक छोटा टॉर्च. व्हर्जिनियात येऊन त्यांना अनेक वर्षे झाली, हर्नडनमध्ये त्यांचे घर आहे, घरापुढे त्यांनी स्वतः वाढवलेले मेपलचे झाड आहे. पण जिभेवरचे नागपूर त्यांनी विमानातून उतरताना जसे आणले होते तसेच ठेवले आहे. मी स्वभावाने हळू बोलणारा, कुणाच्या घरची बेल वाजवण्यापूर्वीही ती फार जोरात वाजेल का, असा विचार करणारा माणूस. अशा माणसाला असे साडू देण्यामागे नियतीचा काय हेतू असावा, यावर मी पुष्कळ चिंतन केले आहे. निष्पन्न काही झालेले नाही.

त्यांच्या स्वभावाचे मूळ त्यांच्या नोकरीत आहे, असे मी बरीच वर्षे समजत होतो. एका मोठ्या कंपनीत त्यांचे काम असे, की सगळे सुरळीत चाललेले असताना, सुट्टीचा दिवस पाहून, कंपनीची चालती यंत्रणा स्वतःच्या हाताने बंद पाडायची आणि तिच्या जागी दुसरी आपोआप उभी राहते की नाही ते पाहायचे. याला त्यांच्या व्यवसायात ड्रिल म्हणतात. ऑफिसात हे शहाणपणाचे असेल. परंतु साडूंनी ते घरी आणले. "चालू गोष्ट बंद करून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरोसा ठेवायचा नाही," असे त्यांचे तत्त्व. एका गणपतीत त्यांच्याकडे आरती ऐन रंगात आलेली, बैठकीची खोली माणसांनी भरलेली, आणि मी तळघरातून उकडीच्या मोदकांचे भले मोठे पातेले दोन्ही हातांत धरून जिना चढत होतो. त्याच क्षणी घरातले यच्चयावत दिवे गेले. मी जिथे होतो तिथे राहिलो नाही. मोदक वाचले, कारण ते मी छातीशी धरले होते. माझा घोटा मात्र वाचला नाही. दिवे परत आले तेव्हा साडू मेन स्विचजवळ उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपेक्षाभंगाचे दुःख होते. "कोणीच आपल्या जागेवरून हललं नाही, पाहा साडूभाऊ. उद्या खरंच लाईट गेली तर काय करून राहिले असते हे लोक?" मी जिन्याच्या पायथ्याशी बसून म्हणालो, "मी हललो, भाऊजी." ते त्यांच्या हिशेबात धरले गेले नाही.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीचा आठवडा त्यांनी घरात वॉकर घेऊन लंगडत काढला. खालच्या मजल्यावर पलंग मांडून घेतला, बशीतून चहा मागवला, आणि दुखत नसलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून कण्हून पाहिले. माझी मेहुणी आजही सांगते, "खऱ्या ऑपरेशनला ह्यांना काही म्हणता काही त्रास झाला नाही. तालमीच्या आठवड्यात मात्र मी मेले." त्यांचा मुलगा शिक्षणासाठी कॅलिफोर्नियाला जाणार होता, तेव्हा रिकाम्या घराची सवय व्हावी म्हणून त्यांनी त्याला सगळ्या बॅगांसकट आठवडाभर आमच्याकडे पाठवून दिले. मुलगा आनंदाने आला, आमच्या सोफ्यावर पसरला. पण आठवडा अर्धाही सरला नव्हता तेवढ्यात साडू दारात हजर. "झाली ड्रिल. चाल घरी." मुलगा म्हणाला, "बाबा, अजून विकेंड बाकी आहे ना." साडूंनी त्याची बॅग उचलली होती आणि ते गाडीकडे निघालेसुद्धा होते. त्या वेळी आम्ही सगळे पोट धरून हसलो.

आणि तो फोन. एका सकाळी मी ऑफिसला निघालो असताना गाडीत त्यांचा आवाज आला, "साडूभाऊ, ड्राइव्ह करून राहिले काय? मग गाडी बाजूला घ्या." मी घेतली. "घेतली? आता ऐका. मी वारलो." मी गाडीच्या पडद्यावरचे नाव पुन्हा वाचले, ते त्यांचेच होते. "म्हणजे असं समजा. मी वारलो, तुम्हाला कळलं. तुम्ही पहिला फोन कोणाला करान?" मागून गाड्या भरधाव जात होत्या, माझे डोके बधिर झाले होते, आणि जे तोंडात आले ते मी बोलून गेलो, "तुम्हालाच करतो, भाऊजी." मग ते म्हणाले, "हे काही बरोबर उत्तर नाही," आणि फोन ठेवला. परंतु उत्तर खरे होते. आमच्या घरात पाण्याचा पाइप फुटो की कुणाला ताप भरो, पहिला फोन त्यांनाच जातो.

असे असूनही, माझ्या मुलीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी त्यांना फोन केला नाही. सई तेव्हा सतरा वर्षांची, हायस्कूलच्या शेवटून दुसऱ्या वर्षात. वसंतात एके दिवशी इतिहासाच्या तासाला वर्गापुढे बोलताना ती मध्येच थांबली. शब्द आठवेनात, श्वास पुरेना, पायांतले त्राण गेले आणि ती फळ्यापुढे जमिनीवरच बसली. झाले ते एवढेच. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारापर्यंत जाऊन ती परत आली, तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरलीच नाही. ते वर्ष शाळेने समजुतीने घरून पुरे करू दिले. एका समुपदेशक बाईंशी दर आठवड्याला तिचे बोलणे सुरू झाले, त्याचा उपयोगही होत होता. परंतु ऑगस्टच्या अखेरीस शाळा पुन्हा उघडणार होती, ते तिचे शेवटचे वर्ष होते, आणि ती एकदाच, अतिशय शांतपणे म्हणाली होती, "बाबा, आय अ‍ॅम नॉट गोइंग बॅक."

यावर मी काय केले? मी शांतता पाळली. मला वाटे, जखमेला हात लावला नाही म्हणजे ती भरते. आम्ही उभयतांनी 'शाळा' हा शब्दच घरातून हद्दपार केला. जुलै लागला की इथल्या दुकानदारांना उत्साह येतो. दारातच वह्या, पेन्सिली, दप्तरांचे डोंगर उभे राहतात. सई बरोबर असली की आम्ही मागच्या दाराने शिरत असू. टपालात जाहिराती आल्या की माझी पत्नी त्या चित्राच्या बाजूने पालथ्या घालून ठेवी. रस्त्यात शाळेची पिवळी बस दिसली की मी हवामानाविषयी बोलू लागे. आज विचार करताना वाटते, त्या मुलीला आमच्या प्रत्येक मौनातून शाळेची घंटाच ऐकू येत असणार.

अशा त्या घरात एका रविवारी साडू मेहुणीसह जेवायला आले, पानावर बसले, वरणावर तूप घेतले आणि म्हणाले, "काय सई, शाळा केव्हा सुरू होऊन राहिली?"

माझ्या हातातला डाव वरणात पडला. पत्नीने माझ्याकडे पाहिले, मी मेहुणीकडे पाहिले, मेहुणीने छताकडे पाहिले. सई म्हणाली, "मी जाणार नाहीये, काका."

"काहून?"

"भीती वाटते."

"हौ, ते बरोबर आहे. पण कशाची? नक्की काय होईल?"

"परत तसं होईल. सगळे बघतील."

"किती वेळ?"

"व्हॉट?"

"अगं, किती वेळ बघतील? दिवसभर? महिनाभर? एखादा माणूस खाली बसला तर लोक त्याच्याकडे पाहून पाहून पाहतील किती? तू मोजलं काय?"

सईने मान हलवली. हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता. समुपदेशक बाईंनीही नाही, आणि मी तर कोणताच विचारला नव्हता. "मग असं अंदाजे कशाला घाबरते, पोट्टे?" साडू म्हणाले आणि त्यांनी लोणचे मागितले. "चाल शनिवारी. पाहून घेऊ."

शनिवारी ते आम्हाला भारतीय किराणा दुकानात घेऊन गेले. शनिवारी दुपारी तिथे सबंध उत्तर व्हर्जिनिया भेंडी निवडत असतो. भाज्यांच्या मधोमध, कोथिंबीर आणि कारल्यांच्या दरम्यान, माझे साठीला टेकलेले साडू अचानक गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले. मांडी घालून, व्यवस्थित, पंगतीला बसावे तसे. मी हबकून पिठाच्या पोत्यांआड गेलो. आमच्या ओळखीच्या एक बाई जवळ येऊन कुजबुजल्या, "अहो, ते तुमचे साडू ना?" आणि मी उत्तर देण्याऐवजी पिठाच्या पोत्यावरचा मजकूर एकाग्रतेने वाचू लागलो. दुकानातला एक कामगार आला. "अंकल, गिर गये क्या?" "नहीं, बैठा हूँ." "अच्छा," असे म्हणून तो दुधी रचू लागला. एका तरुण बाईने "एक्सक्यूज मी" म्हणत त्यांच्या डोक्यावरून हात घालून कढीपत्ता घेतला. लोकांनी पाहिले, नाही असे नाही. पण पाहता पाहता त्यांना आपापली यादी आठवली. सई काही अंतरावर उभी राहून त्या सगळ्यांचे चेहरे न्याहाळत होती, आणि तिच्या ओठांवर जे दिसले ते मी वसंतापासून पाहिले नव्हते. ती हसत होती.

"पाहिलं?" साडू खालूनच म्हणाले. "कढीपत्त्याइतकीही किंमत नाही आपल्याला. आता मला उठव, गुडघा धरला."

त्यानंतर त्या दोघांच्या ड्रिलना ऊत आला. लायब्ररीच्या शांततेत सईने पुस्तकांचा ढीग मुद्दाम पाडला. कॉफीच्या दुकानात भली मोठी रांग असताना तिने ऑर्डर द्यायला तोंड उघडले आणि मुद्दाम काही न बोलता उभी राहिली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "टेक युअर टाइम," आणि जांभई दिली. ती प्रत्येक वेळी घरी येऊन सांगे. मी प्रत्येक वेळी ऐकून हादरे, आणि समुपदेशक बाई हे ऐकतील तेव्हा आमच्यावर काय कारवाई करतील, या विचाराने रात्र काढी. बाईंनी ऐकले आणि त्या म्हणाल्या, "तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग." हाही मला एक धक्काच होता. तरीही शाळेचे नाव काढले की सई नकार देई. कढीपत्ता घेणाऱ्या बायका वेगळ्या, आणि रोज शेजारी बसणारी मुले वेगळी, हे तिचे म्हणणे मला मान्य होते. साडूंनाही असावे, कारण ते वाद घालत नसत, नुसते मिशीवरून बोट फिरवत.

मग आमच्या मराठी मंडळाचा श्रावण मेळावा आला. दर वर्षी मंडळ एखाद्या शाळेचे सभागृह भाड्याने घेते. या वर्षी जे मिळाले ते सईच्या शाळेचे होते. आणि कार्यक्रमात 'खुमासदार किस्से' या शीर्षकाखाली आमच्या साडूंचे नाव होते. ज्या माणसाने मंडळाच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात खुर्च्या लावण्यापलीकडे रंगमंचाशी संबंध ठेवला नाही, त्याचे!

"दॅट्स नॉट फेअर, काका," सई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्हाला माहीत होतं."

"हौ. फेअर नाही आहे. पण हॉल तोच मिळाला, मी काय करू?" हॉल ठरवणाऱ्या समितीत ते एकटेच होते, हे मला पुढे कळले. "हे पाह. मी बोलायला उभा राहीन, आणि मधातच मुद्दाम अडकीन. एकदम बंद. तुझ्यासारखा. त्याच शाळेत, माइकसमोर. तू फक्त पाहायचं, काय होते ते."

"मी शेवटच्या रांगेत बसेन. दाराजवळ."

"बस ना. दाराच्या बाहेर बस पाहिजे तर."

ती आली. शाळेच्या दारात क्षणभर थांबली, माझ्या पत्नीचा हात घट्ट धरला आणि आत शिरली. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मंगळागौरीचे खेळ झाले, लहान मुलांचा नाच झाला, मागच्या व्हरांड्यातून मसालेभाताचा वास येऊ लागला, आणि निवेदिकेने साडूंचे नाव पुकारले. ते नवा झब्बा घालून आले. माइकपुढे उभे राहिले. "नमस्कार मंडळी," म्हणाले, आणि थांबले.

सभागृहातले दोन-चार लोक हसले. किश्शाची सुरुवातच अशी असावी, असे त्यांना वाटले. साडू उभेच. त्यांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मी सईकडे झुकून तिला धीर द्यावा म्हणून म्हणालो, "ड्रिल आहे हं. जरा लवकरच सुरू केलंय त्यांनी."

सई समोर पाहत होती. "बाबा, हे ड्रिल नाहीये."

"अगं, त्यांनीच नाही का सांगितलं..."

"बाबा, त्यांचा हात बघा ना."

मी पाहिले. माइकचा दांडा धरलेला त्यांचा हात इतका थरथरत होता की ध्वनिक्षेपकातून त्याची खरखर येत होती. कपाळ घामाने चमकत होते. त्यांची नजर आम्हाला शोधत नव्हती, कुणालाच शोधत नव्हती. ज्या माणसाने माझा घोटा मुरगळवला, मला भर रस्त्यात आपल्या मरणाची बातमी दिली, तो माणूस घाबरला होता. आणि नाटक म्हणून नव्हे. हा मनुष्य निर्भय आहे, म्हणून तो इतरांना घाबरवतो, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. मुलाच्या बॅगा उचलून गाडीकडे निघालेली त्यांची पाठ मला त्या क्षणी आठवली, आणि आम्ही तेव्हा हसलो होतो हेही आठवले. हा तर आम्हा सगळ्यांहून अधिक घाबरणारा जीव होता. प्रत्येक भीतीला आधी जाऊन भेटल्याशिवाय त्याला जगताच येत नव्हते.

मी उठायला हवे होते. मी उठण्याचा विचार करत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली आणि सई मधल्या वाटेने चालू लागली. त्या सभागृहात, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या रांगेपासून रंगमंचापर्यंत. माना वळल्या. ती पायऱ्या चढली, काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्यांचा हात माइकवरून सोडवून आपल्या हातात घेतला आणि आपल्या अमेरिकन मराठीत म्हणाली, "काका विसरले आहेत. प्लीज त्यांना टाइम द्या."

मागून कुणीतरी ओरडले, "सावकाश होऊ दे गं! भात अजून गरम व्हायचाय!" लोक खळखळून हसले. कुणाचे बाळ रडू लागले, ते घेऊन त्याची आई बाहेर गेली. पुढच्या रांगेतले काका शेजाऱ्याशी गाडीच्या पार्किंगविषयी बोलू लागले. ती दोघे तशीच उभी होती, आणि जग चालू होते. मग साडूंनी माइककडे न पाहता, सईकडे पाहत, मोदकांच्या पातेल्याची गोष्ट सांगितली. तुटक, अडखळत, निम्मी विसरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांपेक्षा अधिक वेळ वाजवल्या.

परतताना साडू आमच्याच गाडीत, मागे सईशेजारी बसले. हर्नडनच्या वळणावर साडूंनी घसा साफ केला. "ते आपलं... ड्रिल होती बरं का."

मी मागे वळून काही म्हणणार होतो. सई म्हणाली, "हो काका. मस्त झाली ड्रिल." आणि तिने मान त्यांच्या खांद्यावर टेकली.

दोन आठवड्यांनी शाळा उघडली. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या दिवशी उजाडण्यापूर्वीच मैदानावर जमायचे, पांघरुणे अंथरून बसायचे आणि सगळ्यांनी मिळून सूर्योदय पाहायचा, अशी इथे रीत आहे. आदल्या संध्याकाळी सईने कपाटातून एक पांघरूण काढून दाराशी ठेवले. आम्ही काही विचारले नाही, आणि या वेळचे न विचारणे निराळे होते. "काकांना सोडायला सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही पण या, बाबा. पण मागे बसा."

साडू इस्त्रीचा शर्ट घालून आले. वाटेत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, एकही सूचना केली नाही. शाळेपाशी गाडी थांबली, तेव्हा सई दार उघडून थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग पांघरूण काखेत घेऊन उतरली आणि गेली.

आमची गाडी उभी होती तिथून सूर्य दिसण्याची सोय नव्हती. सूर्याच्या बाजूला शाळेची इमारत आडवी येत होती. दिसत होती ती मुले, आणि त्यांच्या कडेला उभी राहिलेली सई. ती बराच वेळ उभी होती. मग तिने अगदी काठाशी आपले पांघरूण अंथरले आणि ती एकटीच बसली. शेजारच्या घोळक्यातली एक मुलगी तिच्याकडे वळून काही बोलली. सई थोडी सरकली. ती मुलगी येऊन बसली.

"काय म्हणाली असन ती?" साडूंनी विचारले.

"कुणास ठाऊक."

"जाऊन विचारायचं काय?"

"नको, भाऊजी."

हळूहळू मुलांच्या चेहऱ्यांवर उजेड येऊ लागला. आधी पलीकडच्यांच्या, मग अलीकडच्यांच्या, शेवटी काठावरच्यांच्या. साडूंनी गाडी सुरू केली, आणि पुन्हा बंद केली.

"थांबू थोडं," ते म्हणाले. "तिनं वळून पाहिलं तर?"

आम्ही थांबलो. ऊन गवतावर उतरले, मुले उठली, पांघरुणे झटकू लागली, आणि त्या गर्दीत मला तिचे पांघरूण ओळखू येईनासे झाले. सईने वळून पाहिले नाही. तरी आम्ही दोघे पुष्कळ वेळ तिथे बसून होतो.